मातीची भांडी भाजायची लाकडाची भट्टी ११४० अंशांच्या पुढं सरकतच नाही (कराड, ग्रुप फायरिंग), कुणी सांगेल का काय चुकतंय?

कच्चं_मडकं · रविवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदा लिहितेय कारण काल रात्रभर जागून हाताला काही लागलं नाही आणि आत्ता झोपही येत नाहीये.

आम्ही सात जण आहोत, सातारा, कराड आणि सांगली मिळून. मी बँकेत, एक शाळेतले चित्रकलेचे सर, एक दाताच्या डॉक्टरीणबाई, दोन इंजिनिअर, एसटीतून रिटायर झालेले एक काका आणि एक कॉलेजातली पोरगी. सगळ्यांनी कुठं ना कुठं चाकाचे कोर्स केलेत, भांडी इलेक्ट्रिक भट्टीत भाजून आणायचो. मग काकांच्या डोक्यात किडा आला की आपली लाकडाची भट्टी पाहिजे. मसूर रस्त्याला त्यांचं शेत आहे, तिथं चार महिने खपून बांधली. बोरी बॉक्स पद्धतीची, म्हणजे जळणाच्या खोक्यात दोन्ही बाजूंना विटांचे कट्टे, त्यावर लाकूड आडवं टाकायचं, हवा वरनं येते आणि निखारे खाली राखेच्या खड्ड्यात पडतात. आतली जागा एक घनमीटरच्या आसपास, चिमणी ११ फूट.

काल सकाळी सहाला पेटवली. टार्गेट कोन ९ (कोन म्हणजे भट्टीत ठेवायचा मातीचा छोटा शंकू, ठरावीक उष्णता मुरली की वाकतो), साधारण १२८०. संध्याकाळपर्यंत सगळं झकास चाललं होतं, रात्री आठला ११४० दाखवलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि मग तिथंच. नऊ वाजले ११४०, दहा वाजले ११३५, अकराला ११४२, आम्ही अजून लाकूड घातलं, परत ११३०. चिमणीतून तीन फूट ज्वाळा, काय सुंदर दिसत होतं, सगळ्यांनी व्हिडिओ काढले, स्टेटस ठेवले. रात्री एकला बाभळीचा ढीग संपला आणि नाइलाजानं दार लिंपून घरी आलो. दीड टन बाभूळ गेली हो.

भट्टी अजून गरम आहे, मंगळवारी उघडणार. पण बघायच्या भोकातून दिसतंय, कोन उभाच्या उभा आहे. वाकलासुद्धा नाही.

---

उगाच_एक · रविवार, रात्री ११:५९

गॅसची घ्या आणि रात्री झोपा. (हलकेच घ्या)

---

किल्नवाला_सांगली · सोमवार, सकाळी ७:१०

ताई, घाबरू नका, लाकडावर पहिल्या फायरिंगला सगळ्यांचंच इथं कुठंतरी अडतं. माझी गॅसची भट्टी आहे पण मित्राच्या लाकडाच्या भट्टीवर पाचसहा रात्री काढल्यात, तो पाँडिचेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीत शिकलेला, तिथं १९७१ पासून हे काम चालतं. आधी एवढं सांगा:

लाकूड किती जाड होतं? किती वेळानं किती घालत होता? खड्ड्यात निखारे किती साठले होते? खालची हवेची भोकं उघडी होती का? आणि चिमणीचा धूर, काळा होता की स्वच्छ?

---

कच्चं_मडकं · सोमवार, सकाळी ९:३५

बँकेतून लिहितेय, घाईत. लाकूड मनगटाएवढं, काही मांडीएवढंसुद्धा, वखारीतनं जसं आलं तसं. दर दहा मिनिटांनी पाचसहा. सात जणांना आळीपाळीनं घालायचं होतं ना, प्रत्येकाला हौस, त्यामुळं कधीकधी जास्तही. निखारे कट्ट्यापर्यंत आले होते, लालबुंद, आम्हाला वाटलं हे चांगलंच आहे. खालची भोकं (आम्ही त्यांना उंदराची बिळं म्हणतो) निखाऱ्यांनीच बुजली होती. धूर काळा. सतत काळा.

---

मापात_पाप · सोमवार, दुपारी १:२२

मेकॅनिकल इंजिनिअर, सातारा. चिमणी कमी आहे तुमची. ढोबळ नियम असा की आतली ज्वाळा जितके फूट खाली ओढायची त्याच्या तिप्पट उंची, आणि आडवं जितके फूट न्यायचं त्याच्या एक तृतीयांश वरून मिळवायची. एक घनमीटर म्हणजे साडेतीन फूट खाली धरा, तिथंच साडेदहा झाले, आडवं सहा फूट म्हणजे अजून दोन. साडेबारा पाहिजे, तुमची ११. ओढ कमी पडतेय.

---

बेंदूर · सोमवार, दुपारी २:०५

मी मिरजेकडचा, घरात पिढीजात कुंभारकाम, आता मी एकटाच करतो, ते पण उन्हाळ्यात माठ, संक्रांतीला सुगडी आणि बेंदराला बैल. तुमच्यासारखी भट्टी मी बघितलेली नाही. आमचा आवा. खाली शेण्या, पाचट, त्यावर भांडी, मधे परत शेण्या, वरनं गवत, खापरं आणि राख. पेटवून दिला की मग त्यात हात घालायचा नसतो, जे काय शहाणपण असतं ते रचताना. तुमच्यात रात्रभर घालत बसायचं, म्हणजे चूक करायची संधी रात्रभर.

एक विचारतो, आत कृष्णेची माती घातली नाही ना? आपल्या गाळाच्या मातीत लोखंड भरपूर, ती आठशे-नऊशेला पक्की होते, हजाराच्या वर फार नेली की फुगते आणि वितळायला लागते.

---

कच्चं_मडकं · सोमवार, दुपारी २:४०

अरे देवा.

सरांनी शाळेतल्या मुलांसाठी एक बैल केला होता. कृष्णेच्या मातीचा. "एक कोपऱ्यात ठेवूया" म्हणाले. बाकी भांडी सगळी स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला पक्की होणारी विकतची माती.

---

बेंदूर · सोमवार, दुपारी २:४४

बैल बसला असणार :)

---

गुळव्या · सोमवार, संध्याकाळी ६:३०

ताई मला तुमच्या भट्टीतलं काय कळत न्हाई, पोरानं धागा वाचून दाखवला म्हणून लिवतोय. उंब्रजच्या अंगाला आमचं गुऱ्हाळ हुतं, चुलवाणापुढं बारा वर्सं काढल्यात. नवीन गडी चुलवाणावर बसला की पयली चूक हीच, जाळ कमी वाटला की चिपाडं कोंबतो. कोंबली की धूर, धूर झाला की काहिलीतली उकळी बसते, उकळी बसली की अजून कोंबतो. शेवटी म्हातारा येऊन त्याला उठवायचा आणि म्हणायचा, गप बस, त्याला श्वास घेऊ दे. मूठभर मूठभर सारायचं, सारकं सारायचं. जळण वाळलेलं आणि बारीक. आणि राख वडायची. एवढंच.

चिमणीच्या तोंडाला जाळ दिसतुया म्हंजे जाळ बाहीर चाललाय. काहील बाहीर न्हाई ना, आत हाय.

---

किल्नवाला_सांगली · सोमवार, रात्री ८:१५

गुळव्या काकांना साष्टांग. मी जे तीन परिच्छेदात लिहिणार होतो ते झालं, तरी थोडी भर घालतो.

लाकूड घातलं की आधी त्यातला वायू सुटतो, त्या वायूला जळायला हवा लागते. जेवढी हवा आत येते तेवढंच आत जळतं, उरलेला वायू भट्टीतून तसाच पुढं जातो आणि चिमणीच्या तोंडाशी बाहेरची हवा मिळाली की तिथं पेट घेतो. तुम्ही ज्याचे व्हिडिओ काढले ते तुमचं दीड टन होतं. त्यात बाभूळ. बाभूळ वाईट नाही, पण घट्ट लाकूड, निखारा फार धरतं. दिवसभर ठीक, पण वर चढताना निखाऱ्यांचा डोंगर होतो, खालची भोकं बुजतात, निखारा जळत नाही म्हणून तोही साठतो. वरून नवीन लाकूड. म्हणजे तोंडात घास असताना दुसरा घास.

हजाराच्या वर गेलात की अंगठ्याएवढं बारीक फोडलेलं, खडखडीत वाळलेलं, लांब ज्वाळेचं लाकूड. पाँडिचेरीकडं सुरूच्या झाडाचं लाकूड वापरतात. आपल्याकडं सहा महिने वाळलेली निलगिरी चालेल, एमआयडीसीतनं पॅकिंगच्या पाइनच्या फळ्या मिळतात त्या तर सोनं. प्लाय, एमडीएफ, रंग दिलेलं काही घालू नका, विषारी धूर. दोन काटक्या एकमेकींवर आपटून बघा, टण्ण वाजलं तर वाळलंय, धप्प वाजलं तर त्यातलं पाणी उकळवण्यातच उष्णता जाणार.

आणि घड्याळ बघून लाकूड घालू नका. घातलं की आकडा दहा-पंधरा अंशांनी उतरतो, धूर येतो, मग धूर विरळ होतो आणि आकडा चढायला लागतो. चढून जिथं दमतो तिथं पुढचा घास. कधी तीन मिनिटं, कधी सात.

चिमणीचं मापात_पाप बरोबर बोलतायत, पण ती कमी असती तर ९०० लाही त्रास झाला असता असं मला वाटतं. आधी जळण सुधारा.

---

मापात_पाप · सोमवार, रात्री ८:४०

मान्य. पण मग दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर कशानं फरक पडला ते कधीच कळणार नाही. चिमणी आहे तशी ठेवून एक फायरिंग करा. आणि हो, मीटरच्या आकड्यावर फार विसंबू नका. सेगर नावाच्या जर्मन माणसानं १८८६ मध्ये हे शंकू काढले, अमेरिकेत ऑर्टननं दहा वर्षांनी तेच सुरू केलं, ते अजून वापरतात कारण शंकू नुसतं तापमान मोजत नाही, किती वेळ किती उष्णता मुरली ते दाखवतो. भांड्याला काय झालं ते शंकूला विचारा.

---

हिरवाई_सातारा · मंगळवार, सकाळी १०:१८

हौसेसाठी दीड टन लाकूड? आणि वर काळा धूर? आम्ही अजिंक्यताऱ्यावर रोपं लावायला जातो, खड्डे खणून कंबरडं मोडतं. वाईट वाटलं वाचून.

---

कच्चं_मडकं · मंगळवार, सकाळी १०:५०

तुमचं चुकीचं नाही. मलाही रात्री तेच टोचत होतं. पुढच्या वेळी पॅकिंगच्या फळ्या आणि काकांच्या बांधावरची छाटलेली निलगिरी, विकतचं शक्य तितकं कमी. आणि वर्षातून दोनच फायरिंग करायची ठरवलीयेत, सात जणांची भांडी एकदम.

भट्टी उघडली. बैल बसलाय. चारी पाय मुडपून, पोट फुगलेलं, शिंगं शेल्फला चिकटलेली. चेहरा मात्र शाबूत, इतका शांत दिसतोय की सगळे आधी हसले आणि मग सर गप्प झाले म्हणून आम्हीही गप्प झालो. भांड्यांवर राख आहे पण वितळलेली नाही, हात फिरवला तर पॉलिश पेपर.

---

बेंदूर · मंगळवार, सकाळी ११:०२

सरांना सांगा दुसरा बैल करून माझ्याकडं पाठवा. पुढच्या महिन्यात आवा लावतोय, माठांच्या मधे बसवतो. जाड करू नका, पोटाला खालनं भोक ठेवा, नाहीतर फुटेल आणि माझे माठ पण घेऊन जाईल.

---

नवखी_वाई · बुधवार, दुपारी ४:२७

मला पण अशा ग्रुपमधे यायचंय पण आगीची भीती वाटते. कपडे वगैरे काय घालायचे?

---

किल्नवाला_सांगली · बुधवार, दुपारी ५:११

सुती, अंगभर, ओढणी घरी ठेवा. सिंथेटिक अजिबात नको, वितळून कातडीला चिकटतं. वेल्डिंगचे चामडी हातमोजे, आणि भोकातून आत बघायला वेल्डिंगचा गडद चष्मा, साधा गॉगल नव्हे. भीती वाटते हे उत्तमच, ज्याला वाटत नाही त्याच्या भुवया जातात. माझ्या गेल्या होत्या.

---

कच्चं_मडकं · चार आठवड्यांनी, बुधवार, रात्री १०:०५

झालं मंडळी! सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

यावेळी तयारी भांड्यांची कमी आणि लाकडाची जास्त. तीन रविवार नुसते फळ्या फोडत होतो. एमआयडीसीतनं पॅकिंगच्या फळ्या टेम्पोभर मिळाल्या, खिळे उपटून उपटून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दात काढणं सोपं आहे. तीन ढीग केले: जाड बाभूळ (मागच्या वेळची शेताच्या कोपऱ्यात थोडी निघाली) सकाळसाठी, निलगिरी दुपारसाठी, आणि बारीक पाइन रात्रीसाठी, त्यावर ताडपत्री आणि "आठच्या आत हात लावू नये" अशी पाटी.

दुसरा नियम, एका वेळी भट्टीपुढं दोघंच. एकानं घालायचं, दुसऱ्यानं आकडा आणि धूर बघून "आता" म्हणायचं. बाकीच्यांनी लांब बसायचं. ह्यावर जे भांडण झालं ते विचारू नका. कॉलेजातली पोरगी म्हणाली मी काय नुसत्या भाकरी खायला आलेय का. पण दोन तासांच्या पाळ्या लावल्या आणि हळूहळू सगळ्यांना कळलं की "आता" म्हणणाऱ्याचं काम जास्त अवघड आहे. माझी पाळी दुपारी होती, पहिला अर्धा तास मी सारखी "आता, आता" करत होते आणि काका लाकूड हातात धरून नुसते माझ्याकडं बघत होते.

शनिवारी सकाळी सहाला दाराबाहेरच छोटी शेकोटी, नऊपर्यंत शंभरच्या खाली. एकाच न भाजलेल्या भांड्यानं फटाक केलं, डॉक्टरीणबाईंची फुलदाणी, तळाशी जाड होती. दुपारी एकला ५७३ ओलांडलं, तिथं मातीतला क्वार्ट्झ एकदम फुगतो म्हणून अगदी सावकाश. चारला ९००. मग अर्धा तास मुद्दाम हवा कमी करून धूर कोंडला, मातीतल्या लोखंडाचा रंग पालटावा म्हणून. रात्री साडेआठला ११४०.

आणि परत तिथंच थांबलं. खरं सांगते, पोटात गोळा आला. सगळे उठून उभे. एक इंजिनिअर लाकडाच्या ढिगाकडं निघाले पण. काकांनी हात धरला. खड्ड्यात बघितलं तर निखारे वीतभर वर आलेले. मग उंदराची बिळं लोखंडी सळईनं मोकळी केली, थोडे निखारे पुढं ओढून काढले आणि पंधरा मिनिटं काहीच घातलं नाही. काहीच नाही! आकडा ११२५ ला उतरला, १११८ झाला, कुणी बोलेना. शेजारच्या रानात कुठंतरी मोटर चालू होती तेवढाच आवाज. मग निखाऱ्यांचा रंग लालचा केशरी झाला, बिळांतून हवा आत जाताना फुरफुर ऐकू यायला लागली, गुळव्या काका, अगदी श्वास घेतल्यासारखी. तेव्हा पहिल्या तीन काटक्या घातल्या. १११५. ११२२. ११३१. पुढच्या चार. ११४६.

साडेअकराला १२४०. चिमणीच्या तोंडाशी यावेळी ज्वाळा जेमतेम, घातल्यावर मिनिटभर धूर आणि मग मागचे तारे दिसावेत इतकं स्वच्छ. व्हिडिओ काढण्यासारखं काहीही नव्हतं. आत मात्र भोकातून बघितलं तर भांडी दिसतच नाहीत, सगळं एकाच पांढरट पिवळ्या रंगाचं, भांडं कुठं संपतं आणि हवा कुठं सुरू होते कळत नाही. एकला कोन आठ वाकला, पावणेदोनला नऊ नंबरनं मान टाकली. दार लिंपलं, बिळं बुजवली, झुणका-भाकरी गार झाली होती ती खाल्ली.

मंगळवारी उघडली. पुढच्या रांगेतल्या बरण्यांच्या खांद्यावर राख वितळून हिरवट ओघळ आलेत, एका बरणीवर ओघळ बरोब्बर कानाच्या टोकाला थेंब होऊन थांबलाय. मागची रांग अजून कोरडी आहे, तिथला कोन सातच पडला होता, आठ आणि नऊ उभे. आणि माझे दोन कप शेल्फला चिकटले, खाली लावायच्या गोळ्या (अल्युमिना आणि चिनी मातीच्या) मी कंजूसपणा करून दोनच लावल्या होत्या. छिन्नी वापरावी लागली.

---

गुळव्या · बुधवार, रात्री १०:३१

पंधरा मिन्टं थांबला न्हवं, झालं. आता बसा चुलवाणावर.

---

मापात_पाप · बुधवार, रात्री १०:४७

मागची रांग दोन कोन मागं, म्हणजे आता मात्र चिमणी! दीड फूट वाढवा. मी म्हणालो होतो.

---

किल्नवाला_सांगली · बुधवार, रात्री ११:०३

किंवा मागं भांडी विरळ रचा, ज्वाळेला वाट द्या. फुकट आहे. अभिनंदन सगळ्यांचं!

---

हिरवाई_सातारा · गुरुवार, सकाळी ८:१५

यावेळी लाकूड किती लागलं?

---

कच्चं_मडकं · गुरुवार, सकाळी ९:२०

वजन केलं नाही पण मागच्या वेळी ढीग छातीएवढा होता, यावेळी तिन्ही मिळून कमरेएवढा, त्यातलाही पाइनचा थोडा उरला. राखेची दोन पोती भरलीत, एक चाळून ग्लेझला (भांड्यांवरच्या काचेसारख्या लेपाला) ठेवणार. दुसरं रोपांना हवं असेल तर अजिंक्यताऱ्यावर आणून देते.

---

हिरवाई_सातारा · गुरुवार, सकाळी ९:४१

रविवारी सहाला मंगळाईच्या वाटेनं या. रोपांना मूठमूठच घालू हं, जास्त नको.

---

बेंदूर · गुरुवार, दुपारी १२:३०

काल आवा उघडला. सरांचा बैल उभा आहे. एका बाजूला शेणी टेकून काळा डाग पडलाय, बरोबर वशिंडावर, पुसून जात नाही. घेऊन जायला कोण येतंय?

---

कच्चं_मडकं · गुरुवार, दुपारी १२:३४

सर शाळा सुटली की पाचच्या एसटीनं निघतायत. दोन मुलं पण हट्ट करून बरोबर येतायत.